पत्र कोणाला लिहिले होते? : इतिहास अभ्यासमंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
इतिहास अभ्यासमंडळे,
महाराष्ट्रातील विद्यापीठे.

सन्माननीय सदस्यहो,

पदव्युत्तर इतिहासाच्या अभ्यासक्रमात इतिहासलेखनपद्धतीची एक प्रश्नपत्रिका असते. प्राथमिक आणि दुय्यम साधने, बहिरंग आणि अंतरंग परीक्षण, अस्सल आणि बनावट कागद यांवर विद्यार्थी तीत चार-चार पाने भरून उत्तरे लिहितात. मात्र त्यांपैकी पुष्कळांनी एकही जुने पत्र मायन्यापासून सहीपर्यंत सलग वाचलेले नसते. हा विषय मी शिकवतो, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. माझी विनंती अशी की या विषयात एका व्यक्तीच्या पत्रव्यवहाराचे सलग वाचन सक्तीचे करावे, आणि त्यासाठी मंडळे जे पत्रव्यवहार नेमतील त्यांत अमेरिकेतील तेव्हाच्या इंग्रजी वसाहतीतल्या बॉस्टनचा प्युरिटन (म्हणजे कडव्या इंग्रज प्रोटेस्टंट पंथाचा) धर्मोपदेशक कॉटन मॅदर याच्या पत्रांना जागा द्यावी.

यावरचा पहिला आक्षेप उघड आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापायला घेतले, १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, पेशवे दफ्तरातील निवडक कागद छापून झाले. पत्रांची वाण नसलेल्या महाराष्ट्राने सातासमुद्रापलीकडचा पाद्री कशाला आणावा? याला माझी दोन उत्तरे आहेत. शिवकाळाचा किंवा पेशवाईचा कागद हाती घेताना आपला विद्यार्थी कोरा नसतो. त्याचे गाव, घराणे, जात, अभिमान आणि राग हे सगळे त्या कागदाच्या आधी त्याच्या मनात हजर असतात, आणि पत्र खरे की खोटे, लिहिणारा प्रामाणिक की लबाड, याचा निकाल बहुतेक वेळा वाचनापूर्वीच लागलेला असतो. बॉस्टनच्या पाद्र्याशी त्याचे देणेघेणे नसल्यामुळे तिथे त्याला पद्धतीवाचून दुसरा आधार उरत नाही. दुसरे उत्तर आपल्या घरापर्यंत येते: एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राबद्दल आपण ज्या मिशनरी पत्रांचा उपयोग करतो, त्यांतील मोठा भाग याच बॉस्टनच्या धर्मपरंपरेतून आलेल्या माणसांनी लिहिलेला आहे. त्याकडे मी पुढे येतो.

मॅदर १६६३ मध्ये बॉस्टनमध्ये जन्मला आणि १७२८ मध्ये तिथेच वारला. वडील इन्क्रीज मॅदर, एक आजोबा रिचर्ड मॅदर आणि दुसरे जॉन कॉटन, असे तिघेही न्यू इंग्लंडचे नामांकित उपदेशक. अकराव्या वर्षी हार्वर्डमध्ये दाखल झालेल्या या माणसाची छापील लिखाणे पावणेचारशेच्या वर भरतात. तरीही त्याच्यापर्यंत पोहोचण्याची सगळ्यांत चांगली वाट मला त्याच्या पत्रांतूनच जाताना दिसते. त्या वसाहतीत उपदेशकाचे पत्र आजच्या अर्थाने खासगी नसे. ते घरात मोठ्याने वाचले जाई, नकलून दुसऱ्या गावच्या उपदेशकाकडे पाठवले जाई. बातमी, सल्ला, शिफारस आणि धर्मनिर्णय या सगळ्यांचा भार त्यावर असे. लिहिणाऱ्यालाही हे ठाऊक असे, आणि म्हणून पत्रात काय आहे याआधी ते कोणाच्या हाती जाणार होते, हे विचारावे लागते. इतके एक जरी विद्यार्थ्याच्या अंगवळणी पडले तरी या विषयाचे अर्धे काम झाले असे मी मानतो.

१६९२ सालची पत्रे घेऊन हे सविस्तर दाखवतो. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावी चेटूक केल्याच्या आरोपावरून खटले चालले. मे महिन्याच्या अखेरीस गव्हर्नर विल्यम फिप्स याने त्यांसाठी खास न्यायालय नेमले. एकोणीस जणांना फाशी झाली आणि जाइल्स कोरी नावाचा म्हातारा, उत्तर द्यायला नकार दिल्यामुळे, अंगावर दगडांचा भार टाकून मारला गेला. खटल्यांतील कळीचा प्रश्न पुराव्याचा होता. आरोपीची आकृती आपल्याला दिसते, चिमटे घेते, गळा दाबते, अशी साक्ष पीडित मुली देत. ती आकृती इतर कोणालाही दिसत नसे. अशी साक्ष धरायची का, आणि धरली तर किती?

३१ मे १६९२ रोजी मॅदरने जॉन रिचर्ड्सला पत्र लिहिले. रिचर्ड्स या न्यायालयाचा एक न्यायाधीश होता आणि मॅदरच्याच चर्चचा सभासद होता. आकृतीच्या साक्षीला पेलवेल त्याहून अधिक वजन तिच्यावर टाकू नका, कारण सैतान निरपराध आणि सज्जन माणसाचेही रूप घेऊ शकतो, असे तो तिथे स्पष्ट सांगतो. पहिली फाशी व्हायला तेव्हा दहा दिवस होते. एवढाच उतारा वाचला तर मॅदर काळाच्या पुढचा, सावध आणि दयाळू माणूस ठरतो. पण त्याच पत्रात चेटूक खरोखर चालते याबद्दल त्याला तिळमात्र शंका नाही, आणि उलटसुलट झटपट प्रश्न विचारून आरोपीकडून कबुली कशी काढता येईल, याचाही सल्ला आहे. १५ जूनला बॉस्टन परिसरातील उपदेशकांनी गव्हर्नर आणि त्याच्या कौन्सिलला दिलेल्या सल्ल्याचा मसुदाही मॅदरचाच. त्यात सावधगिरीची कलमे ओळीने येतात, आणि शेवटच्या कलमात खटले त्वरेने व जोमाने चालवावेत अशी शिफारस येते.

१९ जुलैला रिबेका नर्ससह पाच स्त्रियांना फाशी झाली. त्यानंतर ५ ऑगस्टला मॅदरने प्लिमथचा उपदेशक असलेल्या आपल्या मामाला, धाकट्या जॉन कॉटनला, लिहिलेले पत्र वाचताना अंगावर काटा येतो. देव चमत्कार करीत आहे, असे तो आनंदाने कळवतो. फाशी गेलेल्या पाच जणींनी आपले निरपराधित्व सिद्ध करणारा चमत्कार देवाकडे उद्धटपणे मागितला, आणि लगोलग अँडोव्हरच्या पाच जणांनी कबुली देऊन त्या पाच जणी आपल्यातल्याच होत्या असे सांगितले, हा तो चमत्कार. मेमधली सावधगिरी इथे औषधालाही सापडत नाही. मग पुन्हा १७ ऑगस्टला कौन्सिलचा सभासद जॉन फॉस्टर याला तो लिहितो, की आकृतीच्या साक्षीवरून चौकशी सुरू करता येईल, परंतु दोष सिद्ध करायला ती पुरेशी मानू नये. आणि दोनच दिवसांनी, १९ ऑगस्टला, जॉर्ज बरोज या उपदेशकाला इतर चौघांबरोबर फाशी झाली, तेव्हा मॅदर तिथे हजर होता.

त्या दिवसाबद्दलची माहिती कोठून येते, हेही शिकवण्याजोगे आहे. बरोजने फाशीच्या शिडीवरून प्रार्थना इतकी शुद्ध म्हटली की जमाव चलबिचल झाला आणि घोड्यावर बसलेल्या मॅदरने बोलून लोकांना शांत केले, ही हकिकत रॉबर्ट केलेफ देतो. केलेफ हा मॅदरचा उघड विरोधक आणि त्याचे पुस्तक १७०० मध्ये छापलेले. एकट्या त्याच्या शब्दावर कोणी विसंबू नये. परंतु न्यायाधीशांपैकी सॅम्युअल स्यूअल याच्या रोजनिशीत त्याच तारखेखाली मॅदर हजर असल्याची आणि सर्वांना न्याय्य शिक्षा झाली असे तो म्हणाल्याची नोंद आहे. रोजनिशी मॅदरच्या स्नेह्याची आणि पुस्तक वैऱ्याचे. दोन्ही कागद जिथे जुळतात तेवढी जमीन पक्की. घोड्यावरचे भाषण मात्र केलेफचेच राहते.

२० सप्टेंबरचे पत्र न्यायालयाचा कारकून स्टीफन स्यूअल याला आहे. खटल्यांचे समर्थन करणारे पुस्तक मॅदरला लिहायचे होते आणि त्यासाठी पुराव्यांची हकिकत हवी होती. तो कारकुनाला सुचवतो, की लिहिताना आपण चेटकिणींचा कट्टर कैवारी आणि कशावरही विश्वास न ठेवणारा माणूस आहोत असे समजून लिहा. म्हणजे जे उत्तर यायचे होते त्याचा साचा मागणाऱ्यानेच आधी ठरवून दिला होता, आणि पुढे छापलेल्या पुस्तकातला खटल्यांचा वृत्तांत वाचताना ही मागणी डोळ्यांसमोर ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही. छापील पुस्तक ज्या गोष्टीचा पत्ता लागू देत नाही, ती हे पत्र सांगते.

एकाच उन्हाळ्यातील, एकाच हातची ही पत्रे. न्यायाधीशाला सावध सल्ला, मामाला आनंदाची बातमी, कौन्सिलच्या सभासदाला कायद्याचा बारकावा आणि कारकुनाला कामाची मागणी. यांतील एकही पत्र खोटे नाही, आणि एकही पत्र एकटे पुरेसे नाही. एकोणिसाव्या शतकात सेलमचा इतिहास लिहिणारा चार्ल्स अपहॅम आणि त्याला उत्तर देणारा ग्रंथपाल विल्यम फ्रेडरिक पूल यांच्यात १८६७ नंतर जो वाद रंगला, त्यात एका बाजूला मॅदर हा फाशीचा सूत्रधार होता आणि दुसऱ्या बाजूला संयमाचा पुरस्कर्ता. दोघांच्याही पोतडीत कागद होते. पत्रे तारखेच्या क्रमाने आणि कोणाला लिहिली हे पाहत वाचली, तर माझ्या मते चित्र असे उभे राहते: पुराव्यातील धोका त्याला पहिल्यापासून कळत होता, तो त्याने लेखी नोंदवला, आणि तरीही शंका आणि न्यायाधीशांची प्रतिष्ठा यांत निवड करण्याची वेळ आली तेव्हा दर वेळी त्याने प्रतिष्ठेच्या बाजूने आपले वजन टाकले. माझ्या दृष्टीने हा अज्ञानापेक्षा मोठा दोष आहे. विद्यार्थी याहून वेगळ्या निष्कर्षाला आले तरी हरकत नाही. मात्र तिथे त्यांनी सगळी पत्रे वाचून पोहोचावे.

तारखांचा प्रश्न यातच येतो. त्या काळी इंग्रजी मुलखात वर्ष २५ मार्चला बदलत असे आणि जुनी दिनगणना १७५२ पर्यंत चालू होती, त्यामुळे जानेवारी ते मार्चमधल्या पत्रावरचे साल आपल्या हिशेबाने एकाने मागे असू शकते. जुन्या मराठी कागदांवरचा शुहूर सन मृग नक्षत्राला बदलतो हे ज्याला माहीत आहे, त्या मराठी विद्यार्थ्याला हे समजावायला पाच मिनिटे पुरतात.

आता बनावट कागदाकडे वळतो. मॅदरच्या नावावर एक पत्र फिरते: तारीख १५ सप्टेंबर १६८२, पाठवले सेलमचा वयोवृद्ध उपदेशक जॉन हिगिन्सन याला. विल्यम पेन आणि त्याच्याबरोबरचे शंभराहून अधिक क्वेकर (प्युरिटनांना पाखंडी वाटणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाचे लोक) ‘वेलकम’ नावाच्या जहाजातून येत आहेत; वसाहतीच्या विधिमंडळाने एका जहाजाच्या कप्तानाला गुप्त हुकूम दिला आहे, की त्यांना केप कॉडजवळ गाठून कैद करावे; मग त्यांना बार्बाडोसला गुलाम म्हणून विकावे, तिथे रम आणि साखरेच्या रूपात चांगला भाव येतो, आणि यात प्रभूची सेवाही होते, असा त्याचा आशय. प्युरिटनांच्या ढोंगाचा आणि क्रौर्याचा याहून चोख पुरावा शोधून सापडणार नाही. संशय तिथूनच सुरू व्हायला हवा होता. हे पत्र पेनसिल्व्हेनियातील ईस्टन गावच्या एका वृत्तपत्रात एप्रिल १८७० मध्ये पहिल्यांदा अवतरले आणि ते जेम्स शंक नावाच्या लेखकाने रचलेले होते. मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीच्या ग्रंथपालाला जुन्या कागदांच्या पेटीत ते सापडले, अशी कथा त्याबरोबर जोडली होती. त्या नावाचा ग्रंथपाल त्या संस्थेत कधी नव्हताच. बनावट उघड झाल्यानंतरही ते पुन:पुन्हा छापले गेले आणि आजही इंटरनेटवर खरे म्हणून भेटते.

अभ्यासाच्या दृष्टीने या पत्राची खुबी अशी, की ते बनवणारा अडाणी नव्हता. पेन खरोखर १६८२ च्या ऑगस्टअखेर ‘वेलकम’मधून निघाला आणि ऑक्टोबरच्या अखेरीस डेलावेअर नदीकाठी उतरला. हिगिन्सन खरा, त्याचे म्हातारपण खरे. जहाज सुटल्याची बातमी दोन आठवड्यांत बॉस्टनला पोहोचणे अशक्य आहे, हे ओळखून शंकने लंडनच्या एका मित्राने आधीच कळवल्याचे वाक्यही पेरून ठेवले. मॅसॅच्युसेट्सने १६५९ ते १६६१ या काळात मेरी डायरसह चार क्वेकरांना फाशी दिली होती, त्यामुळे वाचणाऱ्याला गोष्ट पटायला काहीच अडचण नव्हती. मग पकडायचे कशावरून? मॅदर तेव्हा एकोणीस वर्षांचा, अजून दीक्षाही न मिळालेला तरुण होता. विधिमंडळाचे गुप्त हुकूम त्याला कळावेत आणि त्याने ते सहासष्ट वर्षांच्या ज्येष्ठाला बरोबरीच्या थाटात कळवावेत, हे मायन्यापासूनच बसत नाही. तसा हुकूम दफ्तरात नाही. मूळ कागद कोणी पाहिलेला नाही. जुनेपणाचा भास देण्यासाठी शब्दांची रूपे इतकी वेडीवाकडी केली आहेत, की मॅदरच्या खऱ्या पत्रांशेजारी ठेवताच फरक दिसतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, १८७० पूर्वी या पत्राचा कोणीही उल्लेख केलेला नाही. कागद कोणाकडून कोणाकडे आला, मधली साखळी कुठे तुटते, हा आपल्या संशोधकांनी शतकभर विचारलेला प्रश्न इथे पुरेपूर कामाला येतो.

हे पत्र खोटे ठरल्याने क्वेकरांचा छळ खोटा ठरत नाही, हेही विद्यार्थ्यांना त्याच तासाला सांगायला हवे. फाशी गेलेल्या चौघांचे पुरावे स्वतंत्र आणि भक्कम आहेत. बनावट कागदाने खऱ्या अन्यायाचे भलेच होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हा कागद उघडा पडल्यावर खऱ्या अन्यायाबद्दलच शंका घेणारे किती पुढे येतात, याचा विचार करावा.

मॅदरच्या पत्रांचा तिसरा प्रकार मला सर्वांत मोलाचा वाटतो. १७१२ पासून त्याने लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या मंडळींना अमेरिकेतील नवलाईच्या गोष्टी कळवणारी पत्रे पाठवली, आणि १७१३ मध्ये सोसायटीने त्याला सभासद म्हणून निवडले. १७१६ च्या एका पत्रात पिवळ्या मक्याच्या शेतात लावलेल्या लाल-निळ्या मक्याच्या ओळीचा परिणाम वाऱ्याच्या दिशेला अधिक ओळींवर झाल्याचे निरीक्षण आहे. वनस्पतींच्या संकराची ही फार जुनी नोंद. पण खरे महत्त्व त्याच वर्षीच्या १२ जुलैच्या पत्राला आहे. ते डॉ. जॉन वुडवर्डला लिहिलेले आहे. मॅदरच्या घरी ओनेसिमस नावाचा आफ्रिकी गुलाम होता. १७०६ मध्ये चर्चच्या सभासदांनी तो विकत घेऊन आपल्या उपदेशकाला भेट दिला होता. तुला देवी येऊन गेल्या का, असे विचारल्यावर तो हो आणि नाही असे दोन्ही म्हणाला, आणि त्याच्या मुलखात देवीच्या फोडातला द्रव कातडीला चीर देऊन सोडतात, त्याने सौम्य आजार येऊन माणूस कायमचा वाचतो, हे त्याने सांगून हातावरचा वण दाखवला. आपल्या शहरात पुन्हा देवी आल्या तर वैद्यांनी हा उपाय करून पाहावा असा आग्रह आपण धरू, असे मॅदर या पत्रात म्हणतो.

पाच वर्षांनी, एप्रिल १७२१ मध्ये, ‘सीहॉर्स’ या जहाजाबरोबर देवीची साथ बॉस्टनला आली. मॅदरने वैद्यांना विनवले. एकट्या झॅब्डिएल बॉइल्स्टनने मानले आणि २६ जूनला स्वतःच्या मुलाला व घरातील दोन गुलामांना टोचले. सुमारे अकरा हजार वस्तीच्या त्या शहरात साथीने ८४४ माणसे दगावली. टोचून घेतलेल्या अडीचशेच्या आतबाहेर लोकांपैकी सहा. विल्यम डग्लस या वैद्याने कडाडून विरोध केला, शहर खवळले आणि नोव्हेंबरमध्ये मॅदरच्या घरात पेटता बॉम्ब फेकण्यात आला. १७१६ चे पत्र नसते तर ही कल्पना त्याला साथीच्या गोंधळात सुचली किंवा परक्याच्या छापील निबंधातून उचलली, असे म्हणता आले असते. तुर्कस्तानातील अशाच पद्धतीबद्दल इमॅन्युएल टिमोनीचा लेख सोसायटीच्या नियतकालिकात आधी छापून आलेला होता, आणि मॅदर सांगतो की त्यापूर्वीच आपण ही गोष्ट आपल्या नोकराकडून ऐकली होती. तारीख लागलेला कागद इथे एका आफ्रिकी माणसाचे श्रेय वाचवतो.

ओनेसिमसच्या स्वतःच्या हातचा कागद मात्र आपल्यापुढे नाही. त्याचे म्हणणे मालकाच्या लेखणीतून, लंडनच्या विद्वानाला पटेल अशा बेताने आलेले आहे. मॅदर त्याला बुद्धिमान म्हणतो, ते कौतुक आहेच, शिवाय ते साक्षीदाराची पत पटवणारे प्रमाणपत्रही आहे, कारण गुलामाची साक्ष सोसायटीपुढे मांडायची तर ती विश्वासार्ह असल्याचे कोणीतरी सांगणे भाग होते. कोणत्या गोष्टी अशा पत्रातून निर्धास्तपणे घ्यायच्या आणि कोणत्या ठिकाणी लेखणी धरणाऱ्याला ओलांडता येत नाही हे कबूल करायचे, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला अन्यत्र क्वचितच आढळले आहे. याच ठिकाणी हा विषय महाराष्ट्राशी जोडला जातो.

आधी भारताशी असलेला थेट धागा सांगतो. मॅदरने ३१ डिसेंबर १७१७ रोजी तरंगंबाडीच्या डॅनिश ठाण्यातील जर्मन मिशनरी बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग याला पत्र लिहिले. १७१९ मध्ये त्सीगेनबाल्ग वारला आणि उत्तर त्याचा सहकारी ग्रुंडलर याने दिले. मॅदरने १७२१ मध्ये हा पत्रव्यवहार बॉस्टनला छापला, आणि तो अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्ये धर्मप्रसाराचे काम पाहणाऱ्या आयुक्तांपुढे केलेल्या प्रवचनाच्या पुस्तकात. म्हणजे तमिळ किनाऱ्यावरील कामाची हकिकत तिथे पोहोचताच मॅसॅच्युसेट्समधील कामासाठी देणग्या आणि उत्साह जागवण्याच्या उपयोगी आणली गेली. दूरचे पत्र घरच्या वाचकांसाठी छापायचे, हा शिरस्ता त्या परंपरेत इतका जुना आहे.

त्याच प्युरिटन चर्चच्या वारसदारांनी, मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटच्या काँग्रिगेशनल मंडळींनी, १८१० मध्ये परदेशी मिशनरी पाठवणारे अमेरिकन बोर्ड स्थापन केले. त्याचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात झाली. १८२७ मध्ये मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार मुंबईत आल्या, १८३१ मध्ये अहमदनगरला (आजच्या अहिल्यानगरला) ठाणे उभे राहिले, १८४२ मध्ये तिथून ‘ज्ञानोदय’ हे मिशनचे नियतकालिक निघू लागले. मुलींच्या शाळा, दुष्काळ, धर्मांतरे, जातिपंचायतींचे बहिष्कार, पंतोजींचे पगार, यांबद्दल या मंडळींनी बॉस्टनला सतत पत्रे लिहिली. बोर्डाचे दफ्तर आज हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहे. आपल्याकडील बरेच लेखन मात्र ‘मिशनरी हेरल्ड’ या बॉस्टनच्या मासिकात छापलेल्या उताऱ्यांवर उभे आहे. मासिक वर्गणीदारांसाठी होते, आणि संपादक पत्रांतले निवडक भाग घेत असत. त्यामुळे नगरच्या शाळेतील एखाद्या मुलीचे उद्गार आपण वाचतो तेव्हा आपल्या आणि तिच्या मध्ये मिशनरी, संपादक आणि देणगीदार वाचक अशी तीन माणसे उभी असतात. हे उद्गार टाकून द्यावेत असे मी मुळीच म्हणत नाही; स्त्रियांच्या आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांच्या शिक्षणाबद्दल इतक्या जवळून लिहिलेले कागद दुसरीकडे फारसे नाहीत. ओनेसिमसचे म्हणणे जसे वाचायचे तसेच हे वाचावे, एवढेच म्हणणे आहे. मिशनवर प्रेम असलेले अभ्यासक या पत्रांना साक्षात इतिहास मानतात, आणि मिशनचा राग असलेले त्यांना प्रचार म्हणून बाजूला सारतात. दोन्ही बाजूंनी मूळ पत्र आणि छापील उतारा शेजारी ठेवण्याचे कष्ट टाळलेले असतात.

हॉल आणि नॉट यांचे पहिलेच वर्ष यासाठी नमुनेदार आहे. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला होता, आणि मुंबईचा गव्हर्नर सर इव्हान नेपियन याच्याकडे त्यांनी लेखी विनवण्या केल्या. त्याच महिन्यांत ते बॉस्टनलाही लिहीत होते. १६९२ ची मॅदरची पत्रे ज्याने क्रमाने वाचली आहेत, तो या दोन गठ्ठ्यांपुढे बसल्यावर आपसूक योग्य प्रश्न विचारील.

आता प्रत्यक्ष करण्याजोग्या गोष्टी मांडतो. मॅदरची रोजनिशी मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीने १९११-१२ मध्ये आणि त्याच्या घराण्याची बरीच पत्रे त्याआधी, १८६८ मध्ये छापली. दोन्ही प्रकाशने जुनी असल्यामुळे इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. त्याच्या हातच्या अनेक पत्रांचे केवळ मसुदे उरले आहेत, त्यामुळे लिहिलेले पत्र पाठवले गेले का, हा प्रश्नही वर्गात आपोआप निघतो. मंडळांनी एखादी छोटी समिती नेमून १६९२ ची पाच-सहा पत्रे, वुडवर्डचे पत्र आणि ईस्टनचे बनावट पत्र यांचे मराठी भाषांतर टिपांसह करून घ्यावे. सतराव्या शतकातील इंग्रजीला बुजून ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी मागे राहू नये, म्हणून हे भाषांतर आवश्यक आहे. दुसरे असे, की बोर्डाच्या दफ्तरातील मराठी मिशनच्या पहिल्या काही दशकांच्या पत्रांच्या प्रती विद्यापीठांनी एकत्रितपणे, संस्था म्हणून, मागवाव्यात. एकेका संशोधकाने आपल्या खिशातून हे करावे ही अपेक्षा अन्यायाची आहे, आणि तिच्यामुळेच आपण अजून छापील उताऱ्यांवर निभावून नेत आहोत.

परीक्षेचा नमुनाही सुचवतो. अंतर्गत गुणांपैकी किमान वीस गुण या कामासाठी ठेवावेत. विद्यार्थ्याच्या हाती रिचर्ड्सला लिहिलेले ३१ मे १६९२ चे पत्र आणि हिगिन्सनच्या नावाचे १६८२ चे पत्र अशी दोन्ही द्यावीत, त्यांतील एक बनावट आहे हे आधी सांगू नये, आणि प्रत्येक पत्र कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी लिहिले, ते आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आले, आणि त्यातले कोणते विधान दुसऱ्या स्वतंत्र कागदाशी ताडून पाहता येते, याचे उत्तर पाच पानांत मागावे. दुसऱ्या सत्रात मिशनच्या एका मूळ पत्राला आणि त्याच्या छापील उताऱ्याला हेच प्रश्न लावावेत. पुढील शैक्षणिक वर्षाच्या अभ्यासक्रमाची पुनर्रचना आपल्यापुढे येईल त्या बैठकीत हा प्रस्ताव विचारात घ्यावा, आणि नाकारायचा झाल्यास त्याची कारणे लेखी कळवावीत, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
इतिहासाचा एक शिक्षक